आमची दोन संत्र्याची झाडे

माझे बालपण मंगरूळपीरला गेले. तेव्हा हे गाव अकोला जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा वेगळा झाला आणि मंगरूळपीर वाशीम जिल्ह्यात आले. गावाच्या आसपास संत्र्याच्या बागा आहेत. हिवाळ्यात बाजारात संत्र्यांचे ढीग लागत. आपल्याही घरी संत्र्याचे झाड असावे, असे मला फार वाटे.

मी सहावीत असताना एका पावसाळ्यात अब्बांनी सायकलला बांधून दोन कलमे आणली. एक कलम अंगणात लावायचे ठरले आणि दुसरे घरामागे. अंगणातल्या कलमाची जबाबदारी माझ्याकडे आली. मागच्या कलमाची जबाबदारी कोणाकडेच नव्हती.

अंगणातल्या कलमासाठी मोठा खड्डा खणला. त्यात शेतातून बैलगाडीने आणलेली काळीभोर, कसदार माती भरली. दादी तेथेच जवळ बसून वजू करीत असे. वजूचे पाणी वाया जाऊ नये म्हणून तिने त्या पाण्याला वाट करून दिली. ते पाणी थेट कलमाच्या आळ्यात जाई. आळे म्हणजे झाडाभोवती पाणी साठावे म्हणून केलेले गोल खोलगट वाफे. उर्दूत त्याला थाला म्हणतात. दिवसातून पाच वेळा आळ्यात पाणी येई. शिवाय शाळेतून आल्यावर मी एक बादली पाणी घाली ते वेगळेच.

घरामागे घर बांधताना उरलेल्या मुरमाचा आणि मातीचा ढिगारा पडला होता. त्याच ढिगाऱ्यावर थोडे शेणखत मिसळून दुसरे कलम लावले. आठ-दहा दिवसांनी कोणाला आठवण झाली, तर त्याला पाणी मिळे.

पहिल्या वर्षी माझे कलम तरारून वाढले. मी मोठ्या अभिमानाने सगळ्यांना ते दाखवी. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मात्र त्याची पाने पिवळी पडू लागली. पानांच्या शिरा पिवळ्या झाल्या, नवी पालवी फुटेना. दुपारी पाने मरगळून खाली लोंबत. मला वाटले, झाडाला तहान लागली आहे. मी एका बादलीच्या दोन बादल्या केल्या. पाने आणखी गळली. मी तीन बादल्या केल्या.

तिसऱ्या वर्षी ते झाड वाळले.

अब्बांच्या ओळखीचे एक म्हातारे बागवान चाचा होते. त्यांची हयात संत्र्याच्या बागांत गेली होती. ते घरी आले तेव्हा मी त्यांना झाड दाखवले. त्यांनी झाडाकडे पाहिलेही नाही. ते खाली बसले, कुदळीने बुंध्याजवळची माती उकरली आणि मूठभर माती नाकाशी नेली. मग माझ्याकडे धरून म्हणाले, "बेटा, वास घे." मातीला कुजका, आंबूस वास येत होता. त्यांनी एक बारीक मूळ ओढले. त्याची साल चिमटीत सहज निसटून आली आणि आत फक्त पांढरा दोरा उरला. चाचा म्हणाले, "हे झाड तहानेने मेले नाही. बुडून मेले."

झाड पाण्यात बुडून मरते, हे मी तोपर्यंत ऐकले नव्हते. चाचांनी त्या दिवशी जे सांगितले आणि पुढे मी जे वाचले, तेच आज तुम्हांला सांगणार आहे.

मुलांनो, एक साधा प्रयोग करा. सुकलेल्या मातीचे एक ढेकूळ घ्या आणि पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यात सोडा. ढेकळातून बुडबुडे निघतील. ही मातीच्या आत लपलेली हवा आहे. चांगल्या मातीचा सुमारे अर्धा भाग मातीच्या कणांचा असतो. उरलेला अर्धा भाग म्हणजे कणांमधली मोकळी जागा. या जागेत काही पाणी आणि काही हवा असते. मुळांना दोन्ही लागतात. मुळेही आपल्यासारखीच श्वास घेतात. त्यांना प्राणवायू मिळाला, तरच त्यांना जमिनीतून पाणी आणि अन्न वर ओढण्याची ताकद येते.

मातीत पाणी साचले की ते सगळ्या पोकळ्या भरून टाकते आणि हवेला बाहेर काढते. हवेतून प्राणवायू जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट कमी वेगाने तो साचलेल्या पाण्यातून पसरतो. मुळे गुदमरतात. गुदमरलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत. म्हणून पाण्यात उभे असलेले झाडसुद्धा तहानलेले दिसते. पाने मरगळतात, पिवळी पडतात. माळी नवा असेल तर तो आणखी पाणी घालतो. माझी चूक हीच होती.

मराठीत शेतकऱ्यांचा एक फार चांगला शब्द आहे, 'वाफसा'. जोराचा पाऊस पडून गेला की शेतात चिखल होतो. दोन-तीन दिवसांनी जास्तीचे पाणी खाली उतरते. माती ओलसर राहते, पण पायाला चिकटत नाही. मुठीत दाबली तर तिचा गोळा होतो आणि बोटाने टोचले की गोळा सहज फुटतो. या स्थितीला वाफसा म्हणतात. वाफशात मातीमध्ये ओल आणि हवा दोन्ही असतात. "अजून वाफसा आला नाही," असे म्हणून शेतकरी पेरणी थांबवतो, ते याचसाठी. फळझाडाला पाणी द्यायचे ते माती चिखल करण्यासाठी नाही, तर ती वाफशावर ठेवण्यासाठी. दुसरा शब्द आहे 'निचरा'. जास्तीचे पाणी जमिनीतून निघून जाणे म्हणजे निचरा. उर्दूत आपण निकास म्हणतो. ज्या जमिनीतून पाणी निघतच नाही, तिला आपल्याकडे चिबड जमीन म्हणतात.

आपल्या जिल्ह्यात निचऱ्याची अडचण का येते, ते पाहा. वाशीम जिल्हा उंचावर आहे. काटेपूर्णा, अरुणावती, पूस या नद्या याच जिल्ह्यात उगम पावतात आणि बाहेर जातात. टेकड्यांवर आणि उतारावर मुरमाड, उथळ जमीन आहे. तिच्यातून पाणी पटकन निघून जाते. उतारावरची बारीक माती वर्षानुवर्षे वाहत येऊन सखल भागात साचली आहे. तेथे खोल काळी माती आढळते. या काळ्या मातीत चिकणमातीचे कण फार असतात. असा एक कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागापेक्षाही लहान असतो. कण इतके बारीक, तर त्यांच्यामधल्या पोकळ्याही तितक्याच बारीक. त्यांत पाणी अडकून बसते. ही माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात हात आत जाईल इतक्या रुंद भेगा पडतात, तुम्ही त्या पाहिल्या असतील. भेगा पडताना झाडाची बारीक मुळे तुटतात. म्हणून काळ्या मातीत झाडाला पाणी जास्त झाले तरी त्रास आणि फार कमी झाले तरी त्रास. त्यातच बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. झाडाला चार महिने जास्तीच्या पाण्यापासून वाचवायचे आणि उरलेले आठ महिने उन्हापासून, असे हे काम आहे.

आम्ही अंगणात खड्डा खणला होता ना, तेथेच पहिली चूक झाली. घट्ट चिकण जमिनीत खड्डा खणून त्यात सैल माती भरली की तो खड्डा हौदासारखा होतो. आजूबाजूचे पाणी त्यात उतरते आणि तळाला वाट नसल्यामुळे तेथेच राहते. पुष्कळ लोक खड्ड्याच्या तळाशी विटांचे तुकडे किंवा गोटे घालतात आणि निचऱ्याची सोय झाली असे समजतात. खरे म्हणजे तसे होत नाही. वरची बारीक माती पाणी धरून ठेवते. ती पूर्ण भिजून तुडुंब होईपर्यंत पाणी खालच्या दगडांत उतरत नाही. दगडांमुळे उलट चिखलाचा थर मुळांच्या आणखी जवळ येतो.

मग काय करावे? पुन्हा एक प्रयोग करा. भांडी घासण्याचा किंवा गाडी पुसण्याचा एक जाड, लांबट स्पंज घ्या. तो पाण्यात पूर्ण भिजवून तळहातावर आडवा धरा. थोडे पाणी गळेल आणि मग थांबेल. आता त्याला हात न दाबता उभा करा. लगेच खालून पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच, पाणीही तेच, फक्त उंची वाढली. मातीचेही असेच आहे. मातीचा थर जितका उंच, तितका त्याचा वरचा भाग लवकर मोकळा होतो आणि त्यात हवा शिरते. म्हणून काळ्या जमिनीत कलम खड्ड्यात न लावता मातीच्या उंचवट्यावर लावतात. उंचवटा एक ते दीड फूट उंच आणि चांगला पसरट असावा. आमच्या घरामागचा तो मुरमाचा ढिगारा म्हणजे नकळत झालेला असाच उंचवटा होता.

कलम लावण्यापूर्वी जमिनीची परीक्षा घेता येते. दोन फूट खोल खड्डा खणा आणि पाण्याने भरा. ते पाणी जिरले की पुन्हा भरा. पहिले पाणी कोरड्या मातीने पिऊन टाकलेले असते, त्यावरून काही ठरवू नये. दुसऱ्यांदा भरलेले पाणी एका दिवसात जिरले, तर जागा बरी आहे. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल, तर उंचवटा केल्याशिवाय तेथे संत्रा, लिंबू किंवा मोसंबी लावू नये.

चाचांनी माझ्या झाडाची आणखी एक गोष्ट दाखवली होती. जमिनीलगतच्या खोडाला साल फुटून मधासारखा डिंक वाहत होता. या रोगाला आपल्याकडे डिंक्या म्हणतात. तो फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या सूक्ष्म जीवामुळे होतो. या ग्रीक नावाचा अर्थ 'वनस्पतींचा नाश करणारा' असा आहे. त्याची बीजे अगदी सूक्ष्म असतात आणि त्यांना शेपट्या असतात. मातीत पाणी साचले की ती पोहत मुळांपर्यंत आणि खोडापर्यंत पोहोचतात. पाणी नसेल तर त्यांना पोहता येत नाही. याच जातकुळीतल्या एका जीवाने १८४५ पासून आयर्लंड देशातले बटाट्याचे पीक नष्ट केले होते. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली.

डिंक्यापासून वाचण्यासाठी बागवान दोन युक्त्या करतात. पहिली युक्ती कलमातच असते. संत्र्याचे झाड बी लावून करीत नाहीत. जंबेरी नावाच्या खडबडीत सालीच्या लिंबाचे रोप घेतात आणि त्याच्या खोडावर संत्र्याचा डोळा बांधतात. खाली जंबेरीची मुळे, वर संत्र्याची फळे. खालच्या झाडाला खुंट म्हणतात. भारी जमिनीत जंबेरीऐवजी रंगपूर लाईम या लिंबाचा खुंट घेतला, तर तो डिंक्याला अधिक तोंड देतो. डोळा बांधलेली जागा जमिनीपासून वीतभर तरी वर असावी, कारण संत्र्याची साल या रोगाला लवकर बळी पडते. आम्ही कलम लावताना ही जागा मातीत पुरली होती. कलम घट्ट उभे राहावे, एवढाच आमचा विचार होता.

दुसरी युक्ती म्हणजे दुहेरी आळे. नेहमीच्या आळ्यात पाणी खोडाला लागते. दुहेरी आळ्यात खोडाभोवती एक-दीड फुटावर मातीचा एक गोल बांध घालतात. त्याच्या बाहेर, फांद्यांच्या टोकाखाली, दुसरा गोल बांध घालतात. पाणी फक्त या दोन बांधांच्या मधल्या जागेत सोडायचे. आतली जागा कोरडी राहते. यामुळे झाड उपाशी राहत नाही का, असा प्रश्न तुम्हांला पडेल. नाही. पाणी आणि अन्न शोषणारी बारीक मुळे खोडाजवळ नसतात. ती फांद्यांच्या घेराखाली, वरच्या एक-दोन फूट मातीत पसरलेली असतात. झाड वाढेल तसे दोन्ही बांध बाहेर सरकवावेत.

पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर खोडाला बोर्डो मलम लावतात. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी, असे त्याचे प्रमाण आहे. मोरचूद विषारी आहे. हे काम मोठ्या माणसांनीच करावे आणि लोखंडी भांडे वापरू नये. बोर्डो हे फ्रान्समधल्या एका शहराचे नाव आहे. तेथे द्राक्षांच्या मळ्यांत रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. फळे निळसर, घाण दिसावीत आणि वाटसरूंनी ती चोरू नयेत म्हणून! मियार्दे नावाच्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आले की नेमक्या याच वेलींना केवड्याचा रोग होत नाही. १८८५ साली त्याने हा उपाय जगासमोर मांडला. चोरांच्या भीतीने निघालेले औषध आज आपल्या संत्र्याच्या कामी येते.

आता पाणी किती आणि केव्हा द्यावे, याबद्दल. लहान कलमाला उन्हाळ्यात दिवसाला दहा-पंधरा लिटर पाणी पुरते, तर फळांनी भरलेल्या मोठ्या झाडाला कडक उन्हाळ्यात दिवसाला शंभर लिटरहूनही अधिक लागू शकते. आळ्याने पाणी देताना रोज देऊ नये. हिवाळ्यात दहा-पंधरा दिवसांनी आणि उन्हाळ्यात पाच-सात दिवसांनी भरपूर पाणी द्यावे आणि मधल्या दिवसांत मातीला वाफशावर येऊ द्यावे. पण दिवस मोजण्यापेक्षा हाताने पाहणे चांगले. आळ्यातली माती वीतभर खोल उकरा आणि मुठीत दाबा. चिकटली तर थांबा. गोळा होऊन फुटला तर आणखी दोन दिवस चालेल. गोळा होतच नसेल तर पाणी द्या. काळ्या मातीत भेगा दिसेपर्यंत वाट पाहू नये. आळ्यात गवताचा किंवा सोयाबीनच्या कुटाराचा थर पसरला तर ओल टिकते आणि भेगाही कमी पडतात. मात्र कुटार खोडाला टेकवू नये.

पावसाळ्यात आळे मोडून टाकावे, हे फार थोडे लोक करतात. उन्हाळ्यात पाणी अडवणारा बांध पावसाळ्यात झाडाचा शत्रू होतो. बागेत तर दोन-दोन ओळींच्या मध्ये उताराच्या दिशेने एक फूट खोल चर काढतात. घरी एक झाड असले, तरी त्याच्या सखल बाजूने छोटा चर काढून पाणी दूर न्यावे.

संत्र्याच्या बागेत पाणी मुद्दाम बंदही करतात. याला ताण देणे म्हणतात. आंबिया बहारासाठी डिसेंबरपासून पाणी तोडतात. हलक्या जमिनीत महिनाभर आणि भारी जमिनीत त्याहून जास्त दिवस झाडे तहानलेली ठेवतात. जानेवारीत हळूहळू पाणी सुरू केले की सगळे झाड एकदम फुलते. पहिले हलके पाणी म्हणजे आंबवणी. मृग बहारासाठी मे महिन्यात ताण देतात. 'बहार' हा शब्द तुम्हांला शिकवावा लागणार नाही. बाग, बागवान, कलम, जमीन हे शब्दही फारसीतूनच उर्दूत आणि मराठीत आले. संत्राही आपल्याकडे दुरून आलेला आहे. अठराव्या शतकात रघूजी भोसले यांनी त्या वेळच्या औरंगाबादहून संत्र्याची झाडे नागपूरला आणली, असे सांगतात. नागपूरला १९८५ पासून लिंबूवर्गीय फळांची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ साली स्थापन झाले. तेथूनही बागवानांना सल्ला मिळतो.

काही मुले विचारतात, "सर, घरी आडू लावता येईल का?" आडूला हिवाळ्यात शेकडो तास सात अंशांखालची थंडी लागते. तेवढी थंडी वाशीमला पडत नाही. पण काश्मीर-हिमाचलात ज्यांच्या घरी आडूचे झाड आहे, तेही ते उंचवट्यावर लावतात. साचलेले पाणी आडूला संत्र्याहूनही कमी सोसते. मुळे गुदमरली की त्यांतच विष तयार होऊ लागते.

आमच्या घरामागचे झाड पहिली दोन वर्षे खुरटलेले होते. मुरमात त्याला अन्न कमी होते, पाणीही अवेळी मिळे. माझे झाड गेल्यावर मी त्याच्याकडे वळलो. चाचांनी त्याला दुहेरी आळे करून दिले. आम्ही दर पावसाळ्याच्या सुरुवातीला शेणखत घातले. पाचव्या वर्षी त्याला अकरा संत्री लागली. दादीने पहिले संत्रे चाचांकडे पाठवले. तिच्या वजूच्या पाण्याला आम्ही नवी वाट करून दिली होती. ते पाणी आता कुंपणाजवळच्या अळूला आणि कर्दळीला जाई. त्यांना ओल आवडते.

गेल्या जूनमध्ये मी माझ्या शाळेच्या आवारात आठवीच्या मुलांबरोबर कलम लावायला गेलो. मुलांनी दोन फूट खड्डा खणला आणि दोनदा पाण्याने भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे धावत पाहायला गेले. तळाशी अजून चार बोटे पाणी होते. एक मुलगा म्हणाला, "सर, जागा बदलू या." पण आवारात सगळीकडे तीच काळी माती होती. मग आम्ही खड्डा बुजवला, त्यावर घमेल्यांनी मुरूम आणि माती आणून दीड फूट उंचवटा केला. कलमाचा डोळा वर राहील, असे पाहून ते त्यावर लावले.